माउस तोच, मग बाण का पळतो?

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल कोअर प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. परतवाड्यात झेरॉक्सचं, डीटीपीचं किंवा ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान असेल आणि मशीन जुनं असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही लिनक्स सिस्टीम बसवणं हा बिनखर्ची मार्ग उरतो. तो धरला की पहिली तक्रार येते माउसची : ‘हा हाती येत नाही बाप्पा.’

लगेच समज होतो की माउस बिघडला, किंवा तो लिनक्सला चालत नाही. खरं म्हणजे साधा यूएसबी माउस दोन्हीकडे सारखाच चालतो, वेगळी सीडी लागत नाही. आपण किती सरकलो एवढंच तो सांगतो. त्यावर बाण पडद्यावर किती न्यायचा, हे सिस्टीम ठरवते. काउंटरवर काच टाकली असेल तर मात्र आधी खाली पॅड ठेवून बघा. पारदर्शक काचेवर साधा ऑप्टिकल माउस अडखळतोच, त्यात नव्या सिस्टीमचा दोष नाही.

दुसरा समज अधिक त्रास देतो : वेगाची पट्टी पुढेमागे केली की जुना हात परत येईल. वेग आणि प्रवेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ मुळातच चालू असतं. नाव अचूकतेचं, काम प्रवेगाचं : हात झटक्यात फिरला की बाण जास्त लांब जातो. लिनक्समध्येही प्रवेग असतो, पण त्याचं गणित निराळं. म्हणून पट्टी कुठेही ठेवली तरी हाताला परकंच वाटतं. वर्षानुवर्षं एकाच सिस्टीमवर काम केलेल्या ऑपरेटरला अशा वेळी ‘तुम्हाला जमत नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

तपासणी सोपी आहे. माउस इंचभर हळू सरकवा, मग बाण परत त्याच जागी आणून तेवढाच झटकन. बाण वेगवेगळ्या जागी थांबला तर प्रवेग चालू आहे. माउसच्या सेटिंगमध्ये प्रवेग बंद करा किंवा ‘फ्लॅट’ निवडा, मग वेग ठरवा. फोटोची कडा कापणाऱ्यांना हेच बरं पडतं. विंडोजवरही ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ काढून पट्टीच्या ११ खुणांपैकी सहावी ठेवली, की माउसच्या एका मोजणीला बाण एकच पिक्सेल सरकतो.

जास्त डीपीआयचा (एका इंचात जास्त मोजणारा) महाग माउस घेतल्याने हे सुटत नाही; बाण फक्त आणखी पळतो. चाक उलटं फिरतं, हाही बिघाड नव्हे. माउसच्या सेटिंगमधलं ‘नॅचरल स्क्रोलिंग’ बंद करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फॉर्म भरताना मधेच भलताच मजकूर उमटतो आणि व्हायरस शिरला असं वाटतं. लिनक्समध्ये मजकूर नुसता निवडला तरी तो लक्षात ठेवला जातो आणि चाक दाबलं की तिथे चिकटतो. वर-खाली सरकवताना चाक दाबलं गेलं, की एका शेतकऱ्याचा गट क्रमांक दुसऱ्याच्या अर्जात जाऊ शकतो. फायरफॉक्स वापरत असाल तर पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:कॉन्फिग’ इंग्रजीत टाइप करा, ‘मिडलमाउस.पेस्ट’ ही नोंद शोधा आणि ती ‘फॉल्स’ करा. ते होईपर्यंत प्रत्येक अर्ज पाठवण्याआधी समोर बसलेल्या माणसाला एकदा वाचून दाखवा.