अधिशोषण : रंगीत सांडपाणी आणि उरलेला रंग

‘शोषण’ हा शब्द मराठी समीक्षेला इतका परिचित आहे, की ‘अधिशोषण’ ही संज्ञा प्रथम ऐकणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकाला तीत शोषणाचाच एखादा तीव्र प्रकार अभिप्रेत असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. रसायनशास्त्रात मात्र येथील भर ‘अधि’ या उपसर्गावर आहे. स्पंज पाणी शोषतो तेव्हा ते त्याच्या अंतर्भागात सर्वत्र पसरते. अधिशोषणात पदार्थ आत मुरत नाही, तो पृष्ठभागावर चिकटून राहतो. जर्मन भौतिकीविद हाइनरिख कायझर यांनी १८८१ मध्ये हा भेद दर्शविण्यासाठी मूळ युरोपीय संज्ञा रूढ केली. काही मराठी लेखनात ‘पृष्ठशोषण’ असाही पर्याय आढळतो आणि तो अधिक पारदर्शक आहे, हे मान्य करावे लागेल.

घटना अर्थातच संज्ञेहून जुनी आहे. सेंट पीटर्सबर्ग येथे टोबियास लोविट्झ यांना १७८५ मध्ये असे आढळले, की कोळशाची पूड घातल्यास गढूळ तपकिरी द्रावण रंगहीन होते. पुढे साखर शुभ्र करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरला जाऊ लागला, त्यामागेही हेच तत्त्व होते. कोळसा विशिष्ट रीतीने तापवून सच्छिद्र केला म्हणजे त्याच्या एका ग्रॅमच्या अंतर्गत छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास जाते. कबड्डीची सात-आठ मैदाने एका चिमटीत मावावीत, असा हा हिशेब आहे. मात्र तो थोडा फसवा आहे, कारण यांतील सर्वांत सूक्ष्म छिद्रांत रंगाचा थोराड रेणू शिरूच शकत नाही.

हा कोळसा सांडपाण्याच्या संदर्भात का आठवावा लागतो, हे समजण्यासाठी तिरुप्पूरकडे वळू. तमिळनाडूतील हे होजिअरीचे नगर नोय्यल या कावेरीच्या उपनदीवर वसले आहे. १९५६ मध्ये बाजारात आलेले ‘रिॲक्टिव्ह’ वर्गातील रंग सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून ते धुण्यात उतरत नाहीत. (संस्कृतात ‘रञ्ज्’ धातूपासून आलेला ‘राग’ हा शब्द रंग आणि आसक्ती असे दोन्ही अर्थ वाहतो. रंगाऱ्याच्या दृष्टीने ते दोन अर्थ नाहीतच.) परंतु कुंडातील सगळाच रंग धाग्याला धरत नाही. रंग आणि पद्धती यांनुसार दहापासून चाळीस टक्क्यांपर्यंत भाग पाण्याबरोबर वाहून जातो. शिवाय रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी दर लिटरला तीस ते शंभर ग्रॅम मीठ आणि तो पक्का करण्यासाठी धुण्याचा सोडा घालावा लागतो. त्यामुळे बाहेर पडणारे पाणी रंगीत, खारे आणि अल्कधर्मी असते. यांतील अनेक रंग ‘ॲझो’ गटातील असून, प्राणवायूविरहित गाळात त्यांचे रेणू तुटून ॲरोमॅटिक अमाइने निर्माण होऊ शकतात. त्यांपैकी बेंझिडीन हे मानवी मूत्राशयाच्या कर्करोगास कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले आहे.

तिरुप्पूरपासून फार दूर नसलेल्या कोइंबतूरच्या भारतियार विद्यापीठात सी. नामशिवायम् आणि त्यांचे सहकारी स्थानिक टाकाऊ पदार्थांपासून अधिशोषके बनविण्याचे काम दीर्घकाळ करीत होते. काथ्या काढल्यावर उरणारा नारळाचा भुसा त्या परिसरात ढिगांनी पडून असतो. त्यापासून केलेल्या कोळशाने बेंझिडीनवर आधारित ‘काँगो रेड’ हा रंग पाण्यातून काढता येतो, हे त्यांच्या २००२ मधील निबंधात दाखविले आहे. एका ग्रॅम कोळशाने सुमारे ६.७ मिलिग्रॅम रंग धरला. हा आकडा उलटा करून वाचावा : एक किलो रंग धरायचा तर जवळपास दीडशे किलो कोळसा हवा. हे संशोधन प्रामाणिक आहे आणि टाकाऊ वस्तूला दिलेले मोलही खरे आहे. तथापि, प्रयोगशाळा आणि रंगशाळा यांतील अंतर या आकड्यातच दिसते.

दुसरे अंतर विद्युत्भाराचे आहे. भाताचा तुसा, उसाची चिपाडे, कडुनिंबाची पाने, चिकणमाती अशा असंख्य पदार्थांची परीक्षा जगभर ‘मिथिलीन ब्लू’ या रंगावर घेतली जाते. तो धनभारित असतो, आणि वनस्पतिजन्य पदार्थांचा पृष्ठभाग सामान्यतः ऋणभारित असल्याने तो सहज चिकटतो व निष्कर्ष आकर्षक येतात. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग मात्र ऋणभारित असतात, म्हणजे तोच पृष्ठभाग त्यांना दूर सारतो. त्यांना धरण्यासाठी पाणी आम्लधर्मी करावे लागते, किंवा कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानसारखा, आम्लात धनभार धारण करणारा पदार्थ वापरावा लागतो. प्रत्यक्ष सांडपाणी अल्कधर्मी असते. त्यात आम्ल मिसळावे, तर त्या क्रियेत आणखी लवण तयार होते. प्रस्तुत लेखकाच्या मते, या शाखेतील बऱ्याच निबंधांनी आपला नमुना-रंग सोयीने निवडला आहे.

आणि लवणाला अधिशोषक हातही लावत नाही. कोळशाच्या थरातून आलेले पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि तरीही शेतात सोडण्याजोगे नसते. नोय्यलवरील ओरत्तुपाळयम् धरण सिंचनासाठी बांधले गेले. पुढे त्यातील पाणी सोडू नये अशी मागणी करण्याची वेळ खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांवर आली. सुब्रभारतीमणियन यांच्या तिरुप्पूरविषयक तमिळ कादंबरीचे ‘सायत्तिरै’ हे शीर्षक ‘रंगाचा पडदा’ असा अर्थ देते. पर्यावरणविषयक कथनांच्या तुलनेत रंग ही प्रदूषणाची सर्वांत वाचनीय खूण ठरते, कारण ती डोळ्यांना दिसते. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीविषयी लिहितानाही लेखणी प्रथम रंगाकडेच वळते. पडदा दूर केल्यावर जे खारेपण उरते, त्याला प्रतिमा मिळणे कठीण असते.

२०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिरुप्पूरचे रंगाई व विरंजन कारखाने बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा अट रंगापुरती नव्हती. द्रवाचा एकही थेंब बाहेर जाऊ नये अशी होती. म्हणून तेथे आर.ओ. या नावाने घरोघरी परिचित झालेली गाळण आणि तिच्यामागे बाष्पक बसवावे लागले. अशा साखळीत कोळसा हा केवळ एक टप्पा असू शकतो.

उरतो तो भरलेला कोळसा. अधिशोषणाने रंगाचा रेणू नष्ट होत नाही, तो पाण्यातून घन पदार्थावर स्थलांतरित होतो. कोळसा सुमारे आठशे अंशांवर पुन्हा तापविला तर रंग जळतो, पण इंधन लागते आणि काही कोळसाही जातो. अल्कलीने धुतला तर तोच रंग अधिक दाट द्रावणात परत मिळतो. स्वस्त भुशाच्या कोळशासाठी हे दोन्ही खर्च परवडत नाहीत, त्यामुळे तो गाळाबरोबर साठविला जातो. बाष्पकातून निघालेल्या, पुन्हा वापरता न येणाऱ्या मिश्र लवणाची पोतीही त्याच आवारांत रचलेली असतात, आणि पावसाळ्यापूर्वी त्यांवर छप्पर आहे की नाही हे तपासावे लागते.