नोकरीची संकेतस्थळे आणि आपली मुले

पूर्वी नोकरी शोधायची म्हणजे तीन वाटा होत्या. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून कॉलची वाट पाहायची, वर्तमानपत्रातील जाहिराती कापून त्यांना अर्ज पाठवायचे, आणि बँक, रेल्वे, विमा यांच्या परीक्षा द्यायच्या. आज या वाटा पूर्ण बंद झालेल्या नाहीत; पण सरकारी जागा कमी होत गेल्या, खाजगी क्षेत्र वाढले आणि तेथे आरक्षण नाही. त्यामुळे आपल्या समाजातील सुशिक्षित तरुण-तरुणी आता मोबाईलवरील संकेतस्थळांकडे वळले आहेत. या संकेतस्थळांचे फायदे सांगणारे पुष्कळ आहेत. तोटे मात्र घरातील वडीलधाऱ्यांना माहीत नसतात आणि मुलांना कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मी बँकेत काउंटरवर काम करतो. एके दिवशी आमच्याच वसाहतीतील एक मुलगी आईला घेऊन आली. बी.कॉम., प्रथम श्रेणी. आईच्या खात्यातून ६,५०० रुपये पाठवायचे होते. कशासाठी, असे विचारले तेव्हा मुलगी म्हणाली, "काका, नोकरी लागली. कंपनी लॅपटॉप देणार आहे, त्याची अनामत आहे." फॉर्मवर पाहिले तर पैसे घेणारे खाते कंपनीच्या नावाचे नव्हते, परराज्यातील एका व्यक्तीचे बचत खाते होते. नेमणुकीचे पत्र मोबाईलवर होते आणि ते कोणीही फुकट उघडू शकेल अशा ई-मेल पत्त्यावरून आले होते. मी फॉर्म बाजूला ठेवला. तेव्हा कळले की नोंदणी फी म्हणून २,५०० रुपये आधीच गेले होते. आई म्हणाली, "भाऊ, चार महिने पोरगी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत अर्ज करत होती. कुणाचंच उत्तर येत नव्हतं. हे पहिलंच उत्तर आलं."

हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मुलगी भोळी होती म्हणून फसली नाही. चार महिन्यांच्या शांततेने तिला थकवले होते, म्हणून ती फसली. ही शांतता का असते, हे समजून घेतले पाहिजे.

या संकेतस्थळांचे स्वरूप आधी पाहू. आपल्या देशात नोकरी डॉट कॉम १९९७ साली सुरू झाले. अमेरिकेत लिंक्डइन २००३ साली सुरू झाले आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते २६ अब्जांहून अधिक डॉलर्सना विकत घेतले. भारतात त्याचे १० कोटींहून अधिक सभासद आहेत. सभासद होणे फुकट असते. मग एवढा पैसा येतो कोठून? उमेदवार शोधण्यासाठी कंपन्या पैसे भरतात, जाहिरातदार पैसे भरतात, आणि जास्तीच्या सोयींसाठी काही सभासदही दरमहा वर्गणी भरतात. म्हणजे नोकरी शोधणारा हा तेथील मुख्य गिऱ्हाईक नसतो; त्याची माहिती हेच त्या दुकानातील भांडवल असते.

पहिला तोटा ओळखींचा. ही व्यवस्था ओळखीपाळखीवर उभी आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडले होते की नोकरीची बातमी पुष्कळदा जवळच्या माणसांपेक्षा दूरच्या, जुजबी ओळखीच्या माणसांकडून मिळते. लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक सभासदांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यातही साधारण असेच दिसले. आता विचार करा. ज्याचे वडील अधिकारी, मामा व्यवस्थापक आणि कॉलेजचे मित्र मोठ्या कंपन्यांत, त्याला अशा जुजबी ओळखी जन्मतःच मिळतात. घरातील पहिली पदवीधर असलेल्या मुलीच्या यादीत कोण असते? तिच्यासारख्याच नोकरी शोधणाऱ्या मैत्रिणी! संकेतस्थळ दोघांना सारखेच दार उघडून देते, पण आत हात धरणारा एकालाच असतो.

दुसरा तोटा नावाचा. लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आसन क्रमांक असतो, नाव नसते. येथे मात्र नाव, आडनाव, छायाचित्र, गाव, शाळा हे सारे प्रथमदर्शनीच उघडे असते. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांची एक पाहणी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाली. वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, फरक फक्त आडनावांचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जाच्या सुमारे दोन-तृतीयांशच निघाली; मुस्लिम नावाच्या अर्जाची तर त्याहूनही कमी. ही पाहणी कागदी जमान्यातील असली तरी निवड करणारे मन यंत्राने बदलत नाही. उलट यंत्रही जुन्या निवडींवरून शिकते. अमेझॉन कंपनीने अर्ज चाळण्यासाठी तयार केलेली संगणक प्रणाली स्त्रियांचे अर्ज मागे टाकत होती आणि म्हणून ती सोडून द्यावी लागली, हे २०१८ साली उघड झाले. परमपूज्य बाबासाहेब १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पदवी मोठी होती, पण लोक नाव विचारत होते. हा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक असला की, नकार आला म्हणजे आपली लायकी नाही, असे ती समजणार नाहीत.

तिसरा तोटा गर्दीचा. एका बटणावर अर्ज जातो, म्हणून सर्वांचाच जातो. एका जागेला काही तासांत शेकडो अर्ज येतात. ते आधी संगणक चाळतो. जाहिरातीतील शब्द अर्जात नसतील तर माणसाच्या नजरेपर्यंत तो पोचेलच असे नाही. काही जाहिराती तर जागा भरल्यावरही तशाच राहतात, काही केवळ नावे गोळा करण्यासाठी असतात. पूर्वी दहा अर्ज केले तर दोन-तीन नकारपत्रे तरी येत. आता तीनशे अर्जांना उत्तर नाही. शिवाय त्याच पडद्यावर इतरांच्या बढत्या आणि अभिनंदने सतत दिसत राहतात. मुले खचतात, जेवणावरून उठून जातात, घरात बोलेनाशी होतात. आईबापांना वाटते, मोबाईलचा नाद लागला.

चौथा तोटा माहितीचा. २०१२ साली लिंक्डइनमधून सभासदांचे पासवर्ड चोरीस गेले. त्यांपैकी सुमारे ११ कोटी ७० लाख जणांचे ई-मेल आणि पासवर्ड विक्रीस आल्याचे २०१६ साली उघडकीस आले. २०२१ साली सुमारे ७० कोटी सभासदांची माहिती विक्रीस ठेवली गेली. ती आमच्या यंत्रणेत शिरून चोरलेली नाही, उघड्या पानांवरून गोळा केलेली आहे, असे कंपनीने सांगितले. आपल्या दृष्टीने अर्थ एकच: आपण जे उघडे ठेवतो ते कोणीही उचलू शकतो. जे आधीच नोकरीत आहेत त्यांनी आणखी जपावे. आपण नोकरी शोधत आहोत अशी खूण सर्वांना दिसेल अशी ठेवली तर ती आपल्या साहेबांनाही दिसते. फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवली तरी पूर्ण गुप्ततेची हमी कंपनी स्वतःच देत नाही.

पाचवा आणि सर्वांत घातक तोटा फसवणुकीचा. नोंदणी फी, प्रशिक्षण फी, अनामत हे जुने प्रकार झाले. हल्ली आणखी एक निघाला आहे. "घरबसल्या काम आहे. तुमच्या खात्यात पैसे येतील, थोडे कमिशन ठेवून बाकीचे पुढे पाठवा." हे पैसे दुसऱ्या कोणाची तरी फसवणूक करून आणलेले असतात. तक्रार होताच खाते गोठते आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. मुलगा म्हणतो, मी तर नोकरी करत होतो! भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. आपल्या नकळत आपली उपजीविका दुसऱ्याच्या चोरीवर उभी राहू नये, इतकी दक्षता तरी आपण घेतलीच पाहिजे. परदेशातील नोकरीबाबत तर जिवावरचाच प्रसंग असतो. थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. अशा ठिकाणी अडकलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

मग ही संकेतस्थळे सोडून द्यायची का? मुळीच नाही. वापरावीत, पण डोळे उघडे ठेवून. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच शिकवले की, कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. त्या दृष्टीने काही साध्या गोष्टी पाळाव्यात. नोकरीसाठी कोणी पैसे मागितले की तेथेच थांबावे. आधार, पॅन, पासबुकाची प्रत नेमणूक पक्की झाल्याशिवाय पाठवू नये. ओटीपी तर कोणालाच देऊ नये. जाहिरात पाहिल्यावर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा आहे का, हे पाहून शक्यतो तेथेच अर्ज करावा. जन्मतारीख, घरचा पत्ता आणि फोन नंबर उघडा ठेवू नये. परदेशी नेणारा एजंट १९८३ च्या कायद्याखाली नोंदलेला आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावे. केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून विनामूल्य आहे, तेथेही नाव नोंदवावे. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. पैसे पुढे काढले जाण्यापूर्वी तक्रार झाली तरच ते अडवता येतात.

परंतु पहिल्या तोट्यावर, म्हणजे ओळखींच्या अभावावर, एकट्या मुलाकडे उपाय नाही. तो आपल्याकडे आहे. आपल्या समाजात आज बँकेत, रेल्वेत, शाळांत, रुग्णालयांत, कारखान्यांत आणि संगणक कंपन्यांत काम करणारी माणसे आहेत. आपण स्थिरस्थावर झालो, पण मागच्यांना आपला फोन नंबरही माहीत नाही. माझी नम्र सूचना अशी की, आपल्या विहारात एक वही ठेवावी. नोकरीत असलेल्या प्रत्येकाने तीत आपले नाव, खाते आणि भेटण्याची वेळ लिहावी. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर बसून मुलांचे अर्ज वाचावेत, मुलाखतीची तयारी करून घ्यावी आणि आलेले नेमणूक पत्र खरे की खोटे, हे दोघा जाणत्यांनी पाहावे. याला देणगी लागत नाही. महिन्याला एक तास लागतो.

त्या मुलीचे २,५०० रुपये परत मिळाले नाहीत. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा काउंटरवर आली, या वेळी एकटीच. म्हणाली, "काका, अर्ज लिहून आणलाय. वाचाल का?" जेवणाच्या सुट्टीत मी तो वाचला, दोन-चार दुरुस्त्या सुचवल्या आणि ओळखीच्या एका लेखापालाचा नंबर दिला. एवढे करायला मला जेमतेम वीस मिनिटे लागली. चार महिन्यांत तिला कोणी वीस मिनिटे दिली नव्हती.

भवतु सब्ब मंगलं!