‘बटाव्हिया’ : फुटलं १६२९ मध्ये, सापडलं १९६३ मध्ये

पहिल्याच सफरीवर निघालेलं डच ईस्ट इंडिया कंपनीचं ‘बटाव्हिया’ हे व्यापारी जहाज ४ जून १६२९ रोजी पहाटेच्या अंधारात पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या अब्रोल्होस बेटांच्या प्रवाळखडकावर आदळलं. मोहिमेचा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट (पूर्वी आग्र्याच्या डच वखारीत काम केलेला अधिकारी) उघड्या होडीतून मदत आणायला जावा बेटाकडे गेला. तो परतेपर्यंत बेटांवर उरलेल्यांपैकी येरोनिमस कॉर्नेलिझ याच्या टोळीने शंभराहून अधिक सहप्रवाशांची कत्तल केली होती. बायका-मुलंही सुटली नाहीत. जहाज फुटण्यापेक्षा हे कितीतरी भीषण होतं.

पुढे तीन शतकं अवशेषांचा पत्ता नव्हता. लेखिका हेन्रिएटा ड्रेक-ब्रॉकमन यांनी पेल्सार्टची रोजनिशी बारकाईने वाचून वॉलाबी बेटांकडे बोट दाखवलं, आणि १९६३ मध्ये अवशेष तिथेच मिळाले. त्यांत वालुकाश्माचे घडीव चिरे होते. बटाव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ता, शहरातल्या किल्ल्याच्या दरवाजासाठी नेलेले हे चिरे जहाजाचा तोल राखायला तळाशी रचलेले होते. किल्ल्यापर्यंत ते पोहोचलेच नाहीत. जुळवून उभारलेली ती कमान आज जेराल्डटनच्या संग्रहालयात आहे, तर जहाजाच्या मागच्या भागाचा लाकडी सांगाडा फ्रीमँटलच्या.