अखेरचे होल किती कठीण असावे?

भिवंडीहून चेंबूरच्या, १९२७ साली स्थापन झालेल्या, बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाविषयी आस्था बाळगणाऱ्या आम्हा मित्रांत अठराव्या होलचा वाद वारंवार निघतो. १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये तीन फटक्यांच्या आघाडीनिशी कार्नूस्टीच्या अखेरच्या होलवर आलेल्या, व ज्यांस सहा फटकेही विजयास पुरेसे होते अशा, फ्रान्सच्या जाँ व्हान द वेल्द यांना सात फटके लागले, आणि प्ले-ऑफअंती अजिंक्यपद पॉल लॉरी यांजकडे गेले. कार्नूस्टीच्या त्या होलवरील बॅरी बर्न ओढ्याचा दरारा खराच. तथापि सेंट अँड्र्यूजचे सुमारे ३५० यार्डांचे, विस्तीर्ण, हिरवळीलगत ‘व्हॅली ऑफ सिन’ हा खळगा असलेले अखेरचे होल मला श्रेष्ठ वाटते, कारण तेथे पिछाडीवरील खेळाडूस बर्डीची आशा अखेरपर्यंत असते. आपलाही कौल अवश्य कळवावा.