हुकूम गेला, हुन्नर राहिला

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीसेक किलोमीटर. बहुतेक सहली थेट कैलास लेण्याशी थांबतात, फोटो काढतात आणि परततात. आठवीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही निघालो, तेव्हा वाटेतली गावंही पाहायची ठरवली.

आधी दौलताबाद. ही यादवांची देवगिरी. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने इथे राजधानी आणली. दिल्लीचे अमीर-उमराव, आलिम, सूफी यांना बायकामुलांसह इकडे यावं लागलं. दहा वर्षांच्या आतच बेत फसला आणि लोकांना परतीची मुभा मिळाली. पुढे बहमनी, निजामशाही, मुघल आले आणि गेले. आज ते शहर पडक्या भिंतींवरून ओळखावं लागतं. चांदमिनार उभा आहे, पण भलामोठा हत्ती हौद कोरडा पडलाय.

सगळेच मात्र परतले नाहीत. खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. इथले कागद बनवणारे तुघलकाच्या काळात आले, असं सांगतात. चिंध्या कुटून लगदा करायचा, चाळणीवर त्याचा पातळ थर उचलायचा, वाळवायचा, घोटायचा. या हातकागदाने गावाला नाव दिलं. खुलताबादला हजरत बुरहानुद्दीन गरीब विसावले आहेत. तेही दिल्लीहून आले आणि दख्खनचेच झाले. जवळच मलिक अंबरची कबर आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा कर्ता झाला. खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, त्यानेच वसवलं.

घाट उतरला की वेरूळ. एकूण 34 लेणी: 12 बौद्ध, 17 हिंदू, 5 जैन. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात घडलेलं कैलास हे सोळावं लेणं. कारागिरांनी ते वरून खाली कोरलं. कळस आधी, पाया शेवटी. अंगण सुमारे 276 फूट लांब आणि 154 फूट रुंद. अंदाजे दोन लाख टन दगड छिन्नी-हातोड्याने काढला असावा. एक घाव चुकला तर जोड देता येत नाही, हे सांगितल्यावर गोंगाट करणारी मुलं गप्प झाली. छताकडे पाहिलं तर जुन्या चित्रांचे रंग अजून दिसतात. बत्तिसाव्या जैन लेण्याच्या वरच्या मजल्यावरही छतावर अशीच चित्रं आहेत.

तिथे एका मुलीने विचारलं, “सर, यात आपलं काय आहे?”

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. ज्या राष्ट्रकूटांनी कैलास घडवलं, त्यांना अरब प्रवासी ‘बल्हारा’ म्हणत. त्यांच्या राज्यात मुसलमानांना मान आहे, मशिदी आहेत, असं दहाव्या शतकात अल-मसऊदीने लिहून ठेवलं. तुघलक दख्खनेत येण्याच्या कितीतरी आधीची ही ओळख आहे. दुसरी गोष्ट गुलाम यझदानी यांची. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे ते पहिले संचालक. खातं 1914 मध्ये निघालं आणि वेरूळ-अजिंठ्याची देखभाल त्याच्याकडे होती. यझदानींनी अजिंठ्याच्या चित्रांवर चार भागांचा ग्रंथ सिद्ध केला. एका मुसलमान विद्वानाने बुद्धाची चित्रं जपण्यात हयात घालवली. आपलं म्हणायला आणखी काय लागतं?

मुलांना घेऊन जरूर जा. मंगळवारी लेणी बंद असतात. पाणी आणि टोप्या सोबत ठेवा. कैलास पाहून मागे फिरू नका, बत्तिसाव्या लेण्यापर्यंत चाला. भिंतींवर लोकांनी कोरलेली नावं दिसतील, तीही मुलांना दाखवा. ज्यांनी डोंगर कोरला, त्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.