लॅटिन धातुसाधितें आणि मराठी भाषांतर

लॅटिनच्या वर्गांत एकदां आम्हीं फळ्यावर "काएसार उर्बे काप्ता रेदिइत्" हें लहानसें वाक्य लिहिलें व त्याचें मराठी करावयास सांगितलें. एका विद्यार्थ्यानें तत्काळ उत्तर दिलें, "नगर घेऊन सीझर परतला." एवढें मोठें नगर त्यानें कोणत्या पिशवींत घातलें, असा प्रश्न मागच्या बांकावरून आला आणि सारा वर्ग हंसला. परंतु या उत्तरांतील खरी चूक पिशवीची नव्हे. ती याहून सूक्ष्म व अधिक गंभीर आहे. तिचाच विचार येथें करूं.

घोटाळा झाला तो 'काप्ता' या धातुसाधित विशेषणामुळें. लॅटिन वैयाकरण अशा शब्दास 'पार्तिकिपिउम' म्हणतात. 'पार्स' म्हणजे वांटा व 'कापेरे' म्हणजे घेणें. तेव्हां हा शब्द दोन घरांचा वांटेकरी झाला. लिंग, वचन व विभक्ति हीं तो नामाकडून घेतो. काळ व प्रयोग हे क्रियापदाकडून. 'लिहिणें' या अर्थाच्या धातूचीं तीन रूपें पाहा: 'स्क्रीबेन्स' म्हणजे लिहीत असलेला, 'स्क्रिप्तुस' म्हणजे लिहिलेला, 'स्क्रिप्तूरुस' म्हणजे लिहिणार असलेला. पहिलें व तिसरें रूप कर्तरि, दुसरें बहुधा कर्मणि. संस्कृत शिकणाऱ्यांस हें सारें ओळखीचें वाटेल, आणि तें योग्यच आहे. लॅटिन 'नोतुस' व संस्कृत 'ज्ञात' हे एकाच कुळांतील भाऊ होत. या भाषांचा मूळ उगम एक असावा, हें सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास आपल्या व्याख्यानांत सांगितलें होतें.

आतां भाषांतराकडे वळूं. पहिली गोष्ट अशी कीं, धातुसाधिताचा काळ स्वतंत्र नसतो. तो मुख्य क्रियापदाच्या मानानें मोजावयाचा. वर्तमान रूप त्याच वेळची क्रिया दाखवितें, भूत रूप तिच्या आधींची, भविष्य रूप पुढची.

दुसरी गोष्ट, रूपास रूप जोडूं नये. "मातेर फीलिउम दोर्मिएन्तेम विदित्" या वाक्यांत 'दोर्मिएन्तेम' हें वर्तमान रूप आहे. म्हणून "आईनें झोंपत असलेल्या मुलास पाहिलें" असें लिहावें काय? असें आपल्या घरीं कोणी बोलत नाहीं. आपण 'झोंपलेल्या मुलास' म्हणतों. रूप दिसावयास भूतकाळचें, पण अर्थ त्या क्षणींच्या स्थितीचा. 'बसलेला', 'निजलेला' हे शब्दही असेच. लॅटिनचा अर्थ घ्यावा आणि मराठीची रीत राखावी.

आतां सीझराकडे परत जाऊं. 'उर्बे काप्ता' हे दोन्हीं शब्द पंचमींत आहेत व उरलेल्या वाक्यापासून मोकळे आहेत. संस्कृतांत 'सूर्ये उदिते' ही जशी सति सप्तमी, तशीच लॅटिनची ही रचना. 'सोले ओर्तो' म्हणजे सूर्य उगवल्यावर. 'काप्ता' कर्मणि असल्यामुळें नगर घेतलें गेलें एवढेंच तें सांगतें. कोणीं घेतलें तें सांगत नाहीं. मराठींतील 'घेऊन' मात्र तें काम सीझराच्याच माथीं मारतें. तें त्यानेंच केलें असेल, किंवा त्याच्या सरदारानेंही केलें असेल. तें मागच्यापुढच्या मजकुरावरून ठरवावें. तो मजकूर नसतांना "नगर काबीज झाल्यावर सीझर परतला" हेंच प्रामाणिक भाषांतर होय.

आणखी एक वाक्य घ्या: "मीलेस वुल्नेरातुस नोन फूगित्." शिपाई जखमी झाला होता आणि तो पळाला नाहीं. "जखमी झाला असूनही पळाला नाहीं" असें लिहिलें तर तो शूर ठरतो. "जखमी झाल्यामुळें पळाला नाहीं" असें लिहिलें तर तो बिचारा पळूं शकला नाहीं, एवढाच अर्थ उरतो. एका मनुष्याची अब्रू आपल्या एका प्रत्ययावर लटकत आहे! लॅटिन येथें मुग्ध आहे. संदर्भ स्पष्ट असेल तर निर्णय द्यावा. नसेल तर "जखमी झालेला शिपाई पळाला नाहीं" असें लिहून मुग्धच राहावें.

पालकांस वाटेल कीं, एवढ्या बारीक गोष्टींसाठीं मुलांनीं कां शिणावें? आमचें उत्तर असें. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंतही अशीं धातुसाधितें पदोपदीं येतात, आणि पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांस हाच विवेक करावा लागला आहे. परंतु भाषांतर न करणाऱ्यासही दुसऱ्याचा निरोप सांगावा लागतो, साक्ष द्यावी लागते, शेजाऱ्याविषयीं बोलावें लागतें. त्या वेळीं जें ऐकिलें तेंच सांगावें. जें ऐकिलें नाहीं तें कोणाच्या तोंडीं घालूं नये. ही संवय ज्यास वर्गांतील एका लहान प्रत्ययानें लागली, त्याचें लॅटिन पुढें विसरलें तरी त्याचा अभ्यास वायां गेला नाहीं, असें आम्ही समजतों.