मोजणाऱ्याचीही पारख हवी

ताजव्याची खात्री केल्याशिवाय जाणता व्यापारी माल तोलत नाही. मानसशास्त्रात मात्र पुष्कळदा माणूस हाच ताजवा असतो. तो पाहतो, ऐकतो व नोंद करतो. त्याच्या नोंदीवर विश्वास कितपत ठेवावा, हा प्रश्न एका घोड्याने ऐरणीवर आणला.

बर्लिनमधील निवृत्त शिक्षक विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा गणिताची उत्तरे टापा आपटून देत असे. १९०४ साली कार्ल श्टुम्फ यांच्या समितीला त्यात कोणतीही लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी, ज्यांना उत्तर ठाऊक नाही अशांकडून प्रश्न विचारविले, तेव्हा हान्स चुकू लागला. प्रश्नकर्ता दृष्टीआड असला, तरीही तेच घडले. योग्य संख्या येताच प्रश्नकर्त्याचे मस्तक नकळत किंचित हलत असे आणि घोडा तेवढी खूण ओळखून थांबत असे. फसविणारा कोणी नव्हता. तरी निष्कर्ष चुकीचा होता.

१९६३ साली रोझेन्थाल व फोड यांनी विद्यार्थ्यांना एकाच जातकुळीचे उंदीर दिले. काहींना ते हुशार, तर काहींना मंद असल्याचे सांगितले. ‘हुशार’ उंदरांची कामगिरी सरस नोंदली गेली.

यावर उपाय म्हणजे परस्परांशी न बोलता नोंद करणारे दोन निरीक्षक. परंतु त्यांचे मत जुळणे एवढेच पुरेसे नाही. समजा, दोघांनीही १०० पैकी ९० वेळा मूल ‘शांत’ असल्याचे लिहिले, तर केवळ योगायोगानेच ८२ नोंदी जुळतील. प्रत्यक्षात ८६ जुळल्या, तर खरी कमाई उरलेल्या १८ पैकी अवघी ४! जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कॅप्पा’ हा गुणांक हाच हिशेब करतो. येथे तो सुमारे ०.२२ येतो, म्हणजे फारच कमी.

शिवाय सातत्य म्हणजे सत्य नव्हे. रोज ५० ग्रॅम कमी दाखविणारा काटा सातत्य राखतो. पण माप खोटेच देतो.

एका दुपारच्या चाचणीवरून मुलाला ‘चंचल’ वा ‘मंद’ ठरविणारा अहवाल घरी येतो, तेव्हा पालकांनी नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात: निरीक्षकाला मुलाविषयी आधी काय सांगितले होते? दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे पाहिले काय? पुन्हा चाचणी घेतल्यास हाच निकाल येईल काय? मालाचे वजन चुकले, तर ते दुसऱ्या दिवशी भरून देता येते. मुलावर बसलेला शिक्का इतक्या सहज पुसला जात नाही.